वादळी रात्रीची शिडाच्या होड्यांची शर्यत : खलाशी म्हणून जाणाऱ्याने काय जाणून घ्यावे?

गिरणाकाठ (जळगाव)

माझी भाची नोकरीनिमित्त सिडनीला राहते. सुट्टीच्या दिवशी ती बंदरातल्या छोट्या शर्यतींमध्ये हौशी खलाशी म्हणून जात असते. आता एका चाळीस फुटी होडीच्या कप्तानाने तिला किनाऱ्यालगतच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी चमूत घेतले आहे. या शर्यतीत एक संपूर्ण रात्र उघड्या समुद्रावर काढावी लागते, आणि हवामानाचा अंदाज असा आहे की संध्याकाळपर्यंत उत्तरेचा वारा राहून मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडून जोराचा वारा घुसेल.

आमच्या घरात पाण्याविषयीचे ज्ञान म्हणजे हतनूरचे किती दरवाजे उघडले आणि गिरणेचे आवर्तन कधी सुटणार, एवढेच. बहिणीने सगळे ऐकून घेऊन "काय गरज शे?" असा एकच प्रश्न विचारला आणि विषय संपवला. माझे तसे नाही. अशा होडीवर खलाशाला नेमके काय करावे लागते, खरा धोका कोठे असतो आणि होडीवर पाय ठेवण्यापूर्वी तिने कप्तानाला काय विचारावे, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे. धीर देणारे प्रतिसाद नकोत, माहिती हवी आहे.

पांझराकर (मूळ धुळे, सध्या साउदॅम्प्टन)

मी येथे काही वर्षांपासून अशा होड्यांवर चमूतला एक म्हणून जात आहे, त्यामुळे खलाशाच्या बाजूने लिहितो.

चाळीस फुटी होडीवर साधारण आठ माणसे असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. एक सुकाणूवर, एक मेनशीटवर (मुख्य शीड आवळण्या-सोडण्याच्या दोरावर), दोघे पुढच्या शिडाच्या विंचवर (दोर गुंडाळून ताणण्याच्या फिरत्या रहाटावर), एक डोलकाठीपाशी, एक नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर), आणि एक जण शिडे वर-खाली करणारे सगळे दोर जेथे एकत्र येतात तेथे. दिशादर्शनाचे काम बहुधा कप्तान स्वतः किंवा एखादा अनुभवी माणूस पाहतो. ज्याच्या हाताला त्या क्षणी काम नाही, त्याने वाऱ्याकडच्या काठावर पाय बाहेर सोडून बसायचे असते, कारण आठ माणसांचे वजन योग्य बाजूला असले की होडी कमी कलते आणि जास्त पळते. नव्या माणसाची बहुतेक रात्र याच काठावर, तोंडावर खारे पाणी घेत जाते. भाचीला हे आधीच सांगा, म्हणजे तिचा अपेक्षाभंग होणार नाही.

खरी परीक्षा शीड कमी करताना होते, त्याला रीफ घेणे म्हणतात. अंधारात ते कसे घडते ते सांगतो. सुकाणूवरचा माणूस होडी वाऱ्याच्या थोडी जवळ आणून तशीच धरून ठेवतो. मेनशीट सैल सोडली जाते आणि शीड फडफडू लागते. तो आवाज इतका मोठा असतो की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. मग शीड चढवणारा दोर त्यावर केलेल्या खुणेपर्यंतच खाली सोडायचा. डोलकाठीपाशी उभा असलेला माणूस शिडाच्या पुढच्या कडेची कडी ओढून आकड्यात अडकवतो आणि हात वर करून किंवा टॉर्च दाखवून इशारा देतो. तो इशारा मिळाल्याशिवाय दोर पुन्हा ताणायला घ्यायचा नाही, कारण त्याची बोटे त्याच कडीत असतात. दोर पुन्हा ताठ झाला की शिडाच्या मागच्या कोपऱ्याचा दोर विंचवर घेऊन, शीड बूमला (मुख्य शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याला) घट्ट बसेपर्यंत आवळायचा. सरावलेला चमू हे दोन मिनिटांच्या आत उरकतो. न सरावलेला चमू पंधरा मिनिटे झगडतो, आणि तेवढ्यात शीड फाटते.

यातली एकही पायरी अवघड नाही. तीच पायरी रात्री दोन वाजता, ओल्या हातांनी, पोटात ढवळत असताना आणि पायाखालची जमीन तीस अंशांत कललेली असताना करायची असते. म्हणून भाचीने पहिला प्रश्न हा विचारावा : या चमूने अंधारात रीफ घेण्याचा सराव एकत्र केला आहे का? केला नसेल, तर शर्यतीआधी एक संध्याकाळ तेवढ्यासाठी राखून ठेवायला सांगावे.

निवृत्त नौसैनिक (भुसावळ)

पांझराकर यांनी होडीवरचे सांगितले, मी त्या किनाऱ्याविषयी लिहितो.

सिडनीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या मोसमात अचानक घुसणाऱ्या दक्षिणेच्या वाऱ्याला तेथे 'सदर्ली बस्टर' म्हणतात. दिवसभर गरम उत्तरेचा वारा असतो आणि मग काही मिनिटांत वाऱ्याची दिशा पूर्ण उलटते, तापमान दहा-पंधरा अंशांनी खाली येते आणि झोत ४० नॉटच्या पुढेही जाऊ शकतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, त्यावरून अंदाज करावा. पण तेथे नुसत्या वाऱ्याहून वाईट गोष्ट निराळीच आहे. त्या किनाऱ्यालगत उत्तरेकडून दक्षिणेकडे एक मोठा उबदार सागरी प्रवाह वाहतो. त्याचा वेग कधी कधी तीन-चार नॉटपर्यंत जातो, आणि शर्यतीतल्या होड्या दक्षिणेकडे जाताना या फुकटच्या वेगासाठी मुद्दाम त्या प्रवाहात शिरतात. दक्षिणेचा वारा आला की तो या प्रवाहाच्या समोरून येतो, लाटांमधले अंतर आखडते आणि त्या उभ्या, भिंतीसारख्या होऊन कोसळू लागतात. तेवढाच वारा प्रवाहाच्या दिशेने असता तर समुद्र बराच सुसह्य राहिला असता. वारा बदलण्यापूर्वी प्रवाहातून बाहेर कधी पडायचे, हा त्या रात्रीचा सर्वांत मोठा निर्णय असतो. तो निर्णय कप्तानाचा असला, तरी त्याची वेळ प्रत्येक खलाशाला माहीत असली पाहिजे.

१९९८ साली सिडनी ते होबार्ट या ६२८ सागरी मैलांच्या शर्यतीत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. २६ डिसेंबरला ११५ होड्या निघाल्या आणि त्यांपैकी ४४ पोहोचल्या. ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया बेट यांमधल्या बास सामुद्रधुनीच्या उथळ पाण्यावर वादळाने गाठल्यामुळे पाच होड्या बुडाल्या, सहा जणांचा मृत्यू झाला आणि ५५ जणांना हेलिकॉप्टर व जहाजांनी वाचवले. त्यानंतर नियम बदलले. आता सामुद्रधुनीत शिरण्यापूर्वी ग्रीन केपच्या सुमारास प्रत्येक कप्तानाला रेडिओवरून घोषित करावे लागते की होडी आणि चमू पुढे जाण्यास समर्थ आहेत आणि पुढच्या हवामानाचा विचार केलेला आहे. कागदावर ही एक औपचारिकता दिसते. प्रत्यक्षात, सगळा ताफा ऐकत असताना तसे बोलावे लागते, आणि ओकून निपचित पडलेली चार माणसे समोर दिसत असताना ते वाक्य सहजासहजी तोंडातून निघत नाही.

अमळनेरचे मास्तर

भौतिकशास्त्राची एक गोष्ट जोडतो. शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा २० नॉटवरून २८ वर गेला तर ऐकायला तो दीडपटही होत नाही, पण दाब जवळजवळ दुप्पट होतो. १५ वरून ३० वर गेला तर चौपट. म्हणून "आणखी थोडा वेळ पाहू" असे म्हणत बसल्यास शीड कमी करण्याचे काम झपाट्याने अशक्यतेकडे सरकते. होडी जास्त कलली की सुकाण्याचे पाते पाण्याबाहेर येऊ लागून तिची पकडही सुटते, त्यामुळे शीड वेळेवर कमी केलेली होडी पुष्कळदा आधीपेक्षा वेगाने जाते, असे मी वाचले आहे. पांझराकर, हे खरे आहे का?

पांझराकर

सर, अगदी खरे आहे. नवख्या माणसाला ते पटत नाही, कारण कललेल्या होडीवर आवाज आणि फेस जास्त असतो, आणि त्यालाच तो वेग समजतो. वेगदर्शकावरचा आकडा मात्र रीफ घेतल्यावर वर गेलेला दिसतो.

चोपडेकर

सगळे वाचले. क्षमा असावी, पण मला मूलभूत प्रश्न पडतो. वादळ येणार हे आदल्या दिवशी माहीत असताना आयोजक शर्यत सुरूच का करतात? आमच्याकडे तापीला पूर आला तर नावाडी नाव काठाला बांधून घरी जातो, आणि त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. मासेमारी करणाऱ्याला पोटासाठी जावे लागते, हे समजू शकते. हौसेसाठी जीव धोक्यात घालून वर इतरांना हेलिकॉप्टर घेऊन बोलावणे, हे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

पांझराकर

चोपडेकर भाऊ, आपला प्रश्न रास्त आहे आणि शर्यतींच्या जगातही त्यावर वाद चालतोच. आयोजक सुरुवात पुढे ढकलू शकतात, आणि काही वेळा ढकलतातही. परंतु शर्यतीच्या मूळ नियमांतच असे लिहिलेले आहे की शर्यतीत उतरायचे की नाही आणि ती पुढे चालू ठेवायची की नाही, हा निर्णय सर्वस्वी त्या होडीचा आहे. यामागे कारण आहे. एकाच ताफ्यात शंभर फुटी आणि तीस फुटी होड्या असतात, कोणाचा चमू वीस वर्षे एकत्र आहे तर कोणाचा दोन महिने, त्यामुळे किनाऱ्यावर बसलेला माणूस सर्वांसाठी एकच उत्तर देऊ शकत नाही. त्याच नियमांत हेही आहे की संकटात सापडलेल्या कोणालाही शक्य ती सर्व मदत करणे प्रत्येक होडीला बंधनकारक आहे, मग त्यात आपली शर्यत गेली तरी चालेल. अशा मदतीत गेलेल्या वेळेची भरपाई पंच देऊ शकतात.

नाव काठाला बांधणाऱ्या नावाड्याविषयी मला आदरच आहे. उघड्या समुद्रावर अडचण अशी होते की वादळ आल्यावर काठाकडे वळणे हेच कधी कधी सर्वांत धोक्याचे असते. बंदराच्या तोंडाशी पाणी उथळ असते, लाटा तेथेच फुटतात, आणि खडकही तेथेच असतात. खोल पाण्यात, किनाऱ्यापासून दूर राहिलेली चांगली होडी सहसा टिकते. म्हणून माघार घ्यायची असेल तर ती वारा वाढण्याच्या आधी घ्यावी लागते, जेव्हा ती घेण्याचे कारण अजून कोणालाच दिसत नसते. मी ज्या कप्तानांबरोबर पुन्हा जायला तयार असतो, ते सगळे अशी माघार घेतलेले आहेत. ज्यांनी कधीच घेतली नाही, त्यांच्याविषयी मला शंका वाटते.

निवृत्त नौसैनिक (भुसावळ)

चोपडेकर यांच्या मुद्द्याला जोडून १९७९ च्या फास्टनेट शर्यतीचा दाखला देतो. इंग्लंडहून निघून आयर्लंडच्या दक्षिणेचा फास्टनेट खडक वळसा घालून परत यायचे, अशी ती शर्यत. ११ ऑगस्टला ३०३ होड्या निघाल्या आणि १३ ते १४ ऑगस्टच्या रात्री वादळाने त्यांना गाठले. १५ स्पर्धकांचा मृत्यू झाला. चमूंनी २४ होड्या सोडून दिल्या होत्या, आणि पुढे चौकशीत दिसून आले की त्यांपैकी बुडाल्या केवळ पाच. उरलेल्या १९ तरंगत सापडल्या. काही जण होडी सोडून हवेच्या तराफ्यात उतरले आणि तराफा फाटल्याने किंवा उलटल्याने गेले. तेव्हापासून खलाशांना शिकवले जाते की तराफ्यात चढण्यासाठी पाय वर टाकावा लागेल इतकी होडी खाली गेल्याशिवाय तिला सोडू नये. भाचीच्या मनात हे एवढे पक्के बसले तरी पुष्कळ झाले.

जाता जाता एक उल्लेख करण्याचा मोह होतो. कोठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली होडी, १९६९ साली परतलेली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली', आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली होती. तिच्याच नमुन्यावरची 'थुरिया' घेऊन आपल्या नौदलातले अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणा शर्यतीत उतरले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांची डोलकाठी मोडली आणि पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली, तेव्हा एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलून आणले. पुढच्या वेळी तीच शर्यत त्यांनी पूर्ण केली आणि २०२३ मध्ये दुसरे आले.

सातपुडा (डॉक्टर, नंदुरबार)

वैद्यकीय बाजू कोणी मांडलेली नाही म्हणून लिहितो.

समुद्र लागणे हा भित्रेपणा नव्हे. आतल्या कानाकडून येणारी हालचालीची जाणीव आणि डोळ्यांना दिसणारे दृश्य यांचा मेळ बसत नाही, म्हणून मळमळ सुरू होते. होडीच्या आतल्या भागात ती जास्त होते, कारण तेथे डोळ्यांना सगळे स्थिर दिसते आणि शरीर मात्र हलत असते. सिनारिझिन, मेक्लिझिन यांसारखी औषधे उलटी सुरू झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाहीत, ती निघण्यापूर्वीच घ्यावी लागतात. त्यांनी गुंगी येते आणि ती प्रत्येकाला कमी-अधिक येते, म्हणून आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने निवडलेली गोळी शर्यतीच्या आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहावी. निघण्याच्या आदल्या रात्री मद्य आणि तेलकट जेवण टाळावे. घरून नेलेला शेवचिवडा होडीवर वाटायला ठीक आहे, पण पहिल्या संध्याकाळी साधा भात, बिस्किटे, आल्याचा तुकडा आणि थोडे थोडे पाणी एवढेच बरे. उलटी होत असली तरी पाणी पीत राहावे, कारण पाणी कमी पडलेला माणूस आधी चिडचिडा होतो आणि नंतर निरुपयोगी.

दुसरा मुद्दा थंडीचा. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या आपल्या लोकांना वाटते की ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात कसली आली थंडी. ओले कपडे आणि वारा एकत्र आले की बाहेरचे तापमान पंधरा-सोळा असले तरी शरीर वेगाने उष्णता गमावते. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. सुरुवातीला माणूस थरथरतो, बोटे काम करीत नाहीत, बोलणे अडखळते. थरथर थांबली आणि माणूस अजून थंडच आहे, तर ते सुधारणेचे नसून बिघडण्याचे लक्षण आहे. सुती कपडे अंगात अजिबात नकोत, लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे आतले कपडे आणि वर जलरोधक जाकीट हवे. वारा बदलण्यापूर्वी, अजून उकडत असतानाच हे कपडे चढवावेत.

झोपेचेही तेच. आठ जणांत चार जागे आणि चार आत, दर तीन किंवा चार तासांनी अदलाबदल, अशी पद्धत असते. उत्साहाच्या भरात नवखी मंडळी पहिली पाळी झोपत नाहीत, आणि पहाटे तीनला, जेव्हा त्यांची खरी गरज असते, तेव्हा त्यांची नजर ठरत नाही. झोप येत नसेल तरी डोळे मिटून पडून राहावे.

निवृत्त नौसैनिक (भुसावळ)

डॉक्टरसाहेबांनंतर एकच विषय उरतो, तो म्हणजे पाण्यात पडणे. आठ नॉटने जाणारी होडी एका मिनिटात सुमारे अडीचशे मीटर पुढे जाते. उसळत्या समुद्रात, रात्री, पन्नास मीटरवरचे डोकेही दिसत नाही. शोधण्याची तयारी असतेच : फुगणारे जाकीट, त्यावरचा दिवा, स्थान कळवणारे उपकरण, आणि चमूतल्या एकाने दुसरे काहीही न करता फक्त पाण्यातल्या माणसाकडे बोट रोखून उभे राहणे. तरी सगळा भर न पडण्यावर असला पाहिजे.

त्यासाठी अंगातल्या पट्ट्याला जोडलेला दोर होडीवर नाळेपासून मागच्या टोकापर्यंत ताणलेल्या सपाट पट्टीत अडकवायचा असतो. हा दोर नियमानुसार दोन मीटरपेक्षा लांब असू नये, म्हणजे दावणीच्या गुराला मिळते तेवढीच मोकळीक. जिन्यातून वर येताना डोके बाहेर काढण्याआधी आकडा अडकवावा, आणि आत उतरल्यावरच सोडावा. दोन आकड्यांचा दोर असल्यास जागा बदलताना एक आकडा सदैव अडकलेला राहतो. आकडा नेमका कशात अडकला आहे, हे हाताने चाचपून पाहावे. नोव्हेंबर २०१७ मध्ये एका जगप्रदक्षिणा शर्यतीत नाळेवर काम करणाऱ्या खलाशाचा आकडा दोर बांधण्याच्या खुंटीखाली अडकला, त्यावर आडवा ताण आला आणि तो वाकून उघडला. त्या माणसाचा जीव गेला.

बूमविषयी वेगळे सांगतो. २०२४ च्या सिडनी-होबार्ट शर्यतीत पहिल्याच रात्री वेगवेगळ्या होड्यांवर दोन अनुभवी खलाशांचा मृत्यू झाला, आणि दोघेही होडीवरच, बूम-मेनशीटच्या झपाट्यात सापडले होते. वारा मागून असताना बूम अचानक एका बाजूकडून दुसरीकडे फिरते आणि तिच्याबरोबर मेनशीटच्या दोरांचा संचही होडीच्या रुंदीभर फिरतो. त्याच्या वाटेत कधीही उभे राहू नये, ओलांडायचेच असेल तर सुकाणूवाल्याला सांगून, वाकून ओलांडावे. उत्तरेच्या वाऱ्यावर दक्षिणेला जाताना, म्हणजे वादळाच्या आधीच्या त्या सुखाच्या तासांत, हा धोका सर्वाधिक असतो.

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांचा आभारी आहे. वरील सगळे भाचीला पाठवले आणि तिने कप्तानाशी बोलून उत्तर कळवले आहे. अंधारात रीफ घेण्याचा सराव येत्या बुधवारी ठेवला आहे. वारा बदलण्याच्या अंदाजाच्या दोन तास आधी मुख्य शीड दुसऱ्या रीफवर आणून, वादळी जिब (जोराच्या वाऱ्यासाठीचे छोटे, मजबूत पुढचे शीड) वर काढून ठेवायचे आणि प्रवाहाबाहेर, किनाऱ्याच्या बाजूला सरकायचे, असे ठरले आहे. चमूत प्रथमच रात्र काढणाऱ्या दोघी आहेत आणि दोघींना वेगवेगळ्या पाळ्यांत ठेवले आहे. माघार घेण्याविषयी विचारल्यावर कप्तानाने वाटेतली दोन बंदरे नकाशावर दाखवली आणि वारा दक्षिणेचा झाल्यावर त्यांपैकी एकात शिरता येणार नाही, हेही सांगितले.

एक शेवटचा प्रश्न. शर्यतीतल्या होड्यांची जागा इंटरनेटवर दिसते म्हणे. ते पाहत बसावे का?

चोपडेकर

हे कप्तान जबाबदार दिसतात, एवढे मान्य करतो. माझे मूळ मत बदललेले नाही.

पांझराकर

गिरणाकाठ दादा, अवश्य पाहावे, पण काही गोष्टी लक्षात ठेवून. नकाशावरचा ठिपका सतत हलत नाही, ठरावीक अंतराने पुढे उडी मारतो, आणि उपकरण भिजले किंवा उपग्रहाशी संपर्क तुटला तर बराच वेळ एकाच जागी राहतो. ठिपका थांबला म्हणजे होडी थांबली, असे नव्हे. वारा बदलल्यावर होडी वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाऊ लागते, तेव्हा ठिपका किनाऱ्यापासून दूर किंवा चक्क उलट दिशेला जाताना दिसेल. तेही नेहमीचेच आहे. वेग आठ-नऊवरून पाच-सहावर आला तर होडी वाऱ्याविरुद्ध जाऊ लागली, असे समजावे. होडीच्या नावापुढे 'निवृत्त' असे लिहून आले, तर कप्तानाने माघार घेऊन तसे आयोजकांना कळवले आहे, असा त्याचा अर्थ. हे कळवणे सक्तीचे असते, नाहीतर परत बंदरात पोहोचलेल्या होडीसाठी रात्रभर शोध चालतो. ताईंना हा शब्द आधीच समजावून ठेवा. आणि सिडनीचे घड्याळ त्या मोसमात आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते, म्हणजे तेथे मध्यरात्री वारा बदलेल तेव्हा जळगावात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतील.